सरावाच्या तक्त्यात पोटरीलाही जागा द्या

महोदय,

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत मॅरेथॉनच्या सरावाचे तक्ते झळकू लागतात. आधी साताऱ्याचा घाट, मग डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई. सोमवारी किती किलोमीटर, बुधवारी किती वेग, रविवारी किती लांब, सगळे चोख असते. पोटरीच्या वाट्याला मात्र तळाशी एकच ओळ येते: ‘धावून झाल्यावर पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडावी व ताण द्यावा.’ ही ओळ काहींना चालते, काहींचे दुखणे वाढवते. कोणाला कोणती लागू, हे एकदा सविस्तर छापून यायला हवे, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट म्हणजे दुखते नेमके कुठे हे बोटाने शोधावे. पोटरीच्या मांसल भागात आखडल्यासारखे वाटणे हा एक प्रकार. टाचेच्या हाडापासून साधारण २ ते ६ सेंटीमीटर वर, जाड दोरीसारखी कंडरा चिमटीत धरली की कळ येते, हा दुसरा. ही कंडरा म्हणजे अकिलिस टेंडन. बोलीत आपण तिलाही ‘शीर’ म्हणतो, त्यामुळे रक्तवाहिनीच दुखते आहे असे समजून लोक ती चोळत बसतात. तिसरा प्रकार त्याहून खाली, कंडरा हाडाला चिकटते तिथला. बुटाची मागची कड घासते नेमके त्या जागी. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात सकाळची पहिली काही पावले लंगडत पडतात आणि चालता चालता पाय मोकळा होतो. रात्री पोटरीत गोळा येणे हे या तिन्हींहून वेगळे, त्याची गल्लत करू नये.

आखडलेली पोटरी आखूड झालेली असतेच असे नाही. बऱ्याचदा ती कमजोर असते आणि दमून घट्ट होते. हे घरी तपासता येते. भिंतीसमोर उभे राहून टाच जमिनीवरच ठेवायची आणि गुडघा भिंतीला टेकवायचा. अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरच्या आसपास असतानाही गुडघा टेकत असेल, तर घोटा पुरेसा वाकतो आहे. स्ट्रेचिंगने फार काही साधणार नाही. मग एका पायावर उभे राहून, भिंतीला फक्त बोटे लावून, एका सेकंदात टाच वर आणि एका सेकंदात खाली, असे मोजावे. निरोगी तरुण धावपटूला पंचविसाच्या आसपास जमायला हवे. वीसच्या आत पाय थरथरू लागला किंवा दोन पायांत पाचाहून जास्त फरक निघाला, तर घोडे इथे अडले आहे असे समजावे.

पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. वरचा, दिसणारा गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघ्याच्या वर सुरू होतो. खालचा सोलिअस गुडघ्याच्या खाली. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि भार खालच्यावर जातो. धावताना कंडरेवर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येऊ शकतो आणि त्यातला मोठा वाटा सोलिअस उचलतो. व्यायामशाळेत गुडघा ताठ ठेवून टाचा उचलणारे पुष्कळ दिसतात. गुडघा वाकवून करणारे विरळच.

आता व्यायाम. दुखणे ताजे आणि तीव्र असेल तर आधी नुसते धरून ठेवायचे: दोन्ही टाचा अर्ध्यापर्यंत उचलून ४५ सेकंद, मध्ये दोन मिनिटे विश्रांती, असे पाच वेळा. बऱ्याच जणांना याने कळ कमी होते, सर्वांना होत नाही. झाली नाही तर अडून बसू नये. पुढची पायरी खरोखरच पायरी आहे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेला क्रम असा: पायरीच्या कडेवर चवडे टेकवायचे, दुखऱ्या पायावर टाच सावकाश खाली न्यायची, वर मात्र चांगल्या पायाने यायचे. गुडघा ताठ ठेवून १५ चे तीन फेरे, किंचित वाकवून १५ चे तीन फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. दिवसाला १८० होतात आणि कंटाळा येतो, हे खरे. सोपे वाटू लागले की पाठीवर सॅक घ्यायची आणि पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीपासून वजन वाढवत जायचे.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे हाडाजवळच्या दुखण्यात, हाच व्यायाम सपाट जमिनीवर करायचा. टाच पायरीखाली उतरवायची नाही. घोटा खूप वाकला की कंडरा टाचेच्या हाडावर दाबली जाते आणि त्या दाबानेच ती चिडते. तक्त्यातली ती एक ओळ अशांच्या मुळावर येते. त्यांनी पोटरीचे स्ट्रेचिंग काही आठवडे बंद ठेवावे आणि दोन्ही बुटांत साधारण एक सेंटीमीटर जाडीची टाचपट्टी घालावी. एकाच बुटात घातली तर कंबर कुरकुरू लागते.

दिवसाला १८० जमत नसतील तर दुसरा मार्ग आहे, आणि नोकरदारांना आम्ही तोच सुचवतो: आठवड्यातून तीनच दिवस, पण जड आणि सावकाश. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला १५ वेळाच जमेल इतके वजन, मग काही आठवड्यांनी वजन वाढवत १२, १०, ८ आणि शेवटी ६ वर यायचे. तीन ते चार फेरे. बसून करायचे असेल तर खुर्चीवर बसून गुडघ्यावर धान्याचे पोते ठेवावे, सोलिअसला ते उत्तम लागू पडते. मध्ये एक दिवस मोकळा हवाच. जड भारानंतर पहिला दीड दिवस कंडरेतले कोलॅजन, म्हणजे ती ज्या प्रथिनाच्या तंतूंची बनते ते, बनते कमी आणि तुटते जास्त. भरणी त्यानंतर होते. रोज जड वजन उचलणारा भरणीच्या आतच पुन्हा खणतो.

चुकते कुठे? टाच उचलताना भार करंगळीकडे ढळतो. तो अंगठा आणि त्याशेजारच्या बोटावर राहायला हवा. हिसके दिले जातात. ताठ ठेवायचा गुडघा दमल्यावर आपोआप वाकतो. पण सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या आठवड्यात होते. बरे वाटते, व्यायाम सुटतो आणि दोन रविवारांनी दुखणे परत हजर. कंडरा स्नायूपेक्षा फार सावकाश सुधारते. तीन महिने धरूनच चालावे, जुन्या दुखण्याला त्याहूनही जास्त.

किती दुखलेले चालेल, हा हमखास येणारा प्रश्न. शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंत चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळची आखड आदल्या सकाळपेक्षा वाढलेली नसावी. वाढली तर वजन किंवा अंतर कमी करावे, सगळेच बंद करू नये. महिनाभर पूर्ण विश्रांती घेतली की दुखणे शमते, कंडरा मात्र आणखी कमजोर होते आणि पहिल्याच धावेत हिशेब चुकता करते.

मालिशला आमचा विरोध नाही. तेल लावून किंवा लाटणे फिरवून पोटरीचा मांसल भाग मिनिट-दोन मिनिटे मोकळा करावा. कंडरेवर मात्र लाटणे चालवू नये, अंगठ्याने रगडू नये. बर्फाने कळ थांबते, एवढाच त्याचा उपयोग.

कारणाकडे पाहिले तर बहुतेक वेळा एकाच आठवड्यात दोन-तीन गोष्टी बदललेल्या असतात: अंतर वाढवले, घाट सुरू केला आणि नवे बूटही घेतले. जुन्या बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा १० मिलिमीटर उंच आणि नव्याची ४, तर तो फरक पोटरीलाच भरून काढावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा. नवे बूट आधी आठवड्यातून दोन छोट्या धावांना वापरावेत. यवतेश्वराचा चढ करायचा असेल तर घाटाचा सराव आठवड्यातून एकदाच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव नाही.

या सगळ्यात ज्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते ती पोलीस भरतीची मुले-मुली. १६०० किंवा ८०० मीटर आणि शिवाय १०० मीटर, मैदानी चाचणीचे एकूण ५० गुण. जाहिरात निघाली की पहाटे डांबरी रस्त्यावर, पातळ तळव्याच्या बुटांत किंवा अनवाणी, रोज पूर्ण वेगाने धाव. चवड्यांवरच्या या धावेचा सगळा मार पोटरी आणि कंडरेवर बसतो. अकादमी चालवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पूर्ण वेगाचा सराव आठवड्यातून दोनदाच घ्यावा, शक्यतो मातीवर, आणि त्या दोन दिवसांत किमान ४८ तास सोडावेत. टाचा उचलण्याचे तीन फेरे तर कवायतीतही बसतात. पैसे लागत नाहीत.

धावणे पुन्हा सुरू करण्याआधी दुखऱ्या पायावर सलग २० उड्या फारशी कळ न येता जमायला हव्यात. मग एक मिनिट धाव, एक मिनिट चाल, असे दहा वेळा, एक दिवसाआड.

काही गोष्टी व्यायामाच्या कक्षेबाहेरच्या आहेत. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखा फटका बसला, तर पालथे झोपून पाय पलंगाबाहेर काढावेत आणि दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगावी. पाऊल हलले नाही तर कंडरा तुटली आहे असे धरून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर ती चोळू नये. रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टरांकडे जावे. दोन्ही टाचा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेल्या राहत असतील तर संधिवाताची तपासणी करून घ्यावी. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नये, त्याने ती तुटण्याचा धोका असतो.

आणि जुलाब झाले किंवा लघवीची जळजळ सुरू झाली की दुकानातून आणून घेतल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्या. त्यांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच त्यांच्या वेष्टनपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक. डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर आपण धावतो हे त्यांना सांगून पर्याय विचारावा. गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर धावणे त्याच दिवशी थांबवून त्यांना फोन करावा.

– धावपटूंसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट, सातारा