काका, मला उठवा

देवगड तालुका, सिंधुदुर्ग
४ सप्टेंबर २०२५

प्रिय सातारकर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र गणपतीच्या आदल्या दिवशी मिळालं. रोज फोन होतो तरी तू चार पानं हाताने लिहिलीस, तेव्हाच कळलं की विषय फोनवर बोलण्यासारखा नाही. उत्तराला उशीर झाला, कारण घर चाकरमान्यांनी भरलं होतं. परवा गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, काल मंडळी मुंबईला गेली. आज सकाळपासून पाऊस धरलाय. पडवीत बसून लिहितोय.

तू विचारलंस की रात्री जेवण झाल्यावर आपल्या फौजेतल्या जुन्या सेक्शनमधल्या तिघांबरोबर फोनवर बीजीएमआय हा बंदुकांचा खेळ खेळतोस, ते बरं की वाईट. वहिनी म्हणतात, इतकी वर्षं खरी बंदूक वागवलीत, अजून मन भरलं नाही का? आणि शेवटी तू लिहिलंस, "आपल्या खेडवाल्याला हे आवडलं असतं का रे?" ही ओळ मी चार-पाच वेळा वाचली.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. आमच्याकडे नेटवर्क फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात येतं, तुळशीच्या मागे. रोज आरती झाली की भावाची, चुलत भावाची मिळून पाच पोरं तिथे भिंतीला पाठ लावून बसायची. २०२० साली सरकारने पबजी बंद केलं तेव्हा मला वाटलं होतं, आता सुटलो. पुढच्याच वर्षी तो खेळ बीजीएमआय हे नवं नाव घेऊन आला आणि पोरं पुन्हा तिथेच. आई ओटीवरून ओरडायची, "पोरां रातभर बंदुको घेवन बसतत, सणासुदीचा बरा दिसता काय?" मी काही बोलत नव्हतो. पण कान तिकडेच असायचे. "मागे बघ, मागे!" "तू पळ, मी कव्हर देतो." "आहेस ना? बोल काहीतरी!" अरे, हे शब्द मी पाच वर्षांत ऐकले नव्हते. बागेत दिवसभर आंब्याच्या झाडांशी काय बोलणार? तू त्या तिघांचे आवाज ऐकायला रोज बसतोस, हे मला त्या खळ्यात कळलं.

गौरी आल्या त्या रात्री धाकट्या पुतण्याने फोन माझ्या हातात दिला आणि हेडफोन कानाला लावले. म्हणाला, "काका, तुम्ही तर खरे फौजी, आज आपणच जिंकणार." मी एका पडक्या भिंतीमागे जाऊन बसलो तो हललोच नाही. पुढे मोकळं गवताळ रान होतं, पलीकडे झाडं. खेळातली सुरक्षित जागा आकसत येत होती. पोरं ओरडतायत, "काका, पळा, झोन येतोय!" पण उजेडात मोकळं रान ओलांडायला माझा अंगठाच पुढे सरकेना. तेवढ्यात डाव्या कानात पावलं वाजली. सुक्या पानांवरची, सावकाश पडणारी. सातारकर, माझ्या हातावर काटा उभा राहिला. गोळीबाराच्या आवाजाचं मला काहीच वाटलं नव्हतं. ती पावलं मात्र अगदी तशीच होती. तीन-तीन रात्री आपण ॲम्बुशला, दबा धरून पडून राहायचो, खोकला आला तर बाही तोंडात कोंबायचो. एवढं करून बहुतेक वेळा कुणी यायचंच नाही. त्या पडून राहण्याचा खेळ कुणी करणार नाही, पण त्यातली पावलं मात्र कुणीतरी नेमकी हेरून ठेवली आहेत.

मग पुतण्याला गोळी लागली. म्हणजे पडद्यावर. गुडघ्यांवर रांगत माझ्याकडे यायला लागला आणि शेजारी बसून ओरडला, "काका, मी नॉक झालो, मला उठवा ना, ते बटण दाबा!" मी दाबलं. एक गोल भरत गेला. दहा सेकंद. गोल पूर्ण झाला आणि पोरगा उठून पळायला लागला.

मी फोन ठेवला आणि विहिरीवर गेलो.

खेडवाल्याला गोळी लागली, त्या नोव्हेंबरातली उतरण तुला सांगायला नको. पण इतकी वर्षं मी तुझ्याशीही त्याबद्दल नीट बोललो नाही, म्हणून आज लिहितो. फील्ड ड्रेसिंगचं पाकीट दाताने फाडलं, त्या रबरी कव्हराची चव अजून माझ्या जिभेवर आहे. पोटावर दोन्ही हातांनी दाब दिला होता, तू रेडिओवर होतास. हात गरम होते आणि बाकी अंग गारठलं होतं. मग स्ट्रेचर. एका बाजूला तू, एका बाजूला मी, मागे दोघे. तो पाणी मागत होता. पोटातली जखम, पाणी द्यायचं नाही, हे आपल्याला शिकवलेलं होतं. मी म्हणालो, "खाली गेल्यावर देतो." तीनदा म्हणालो. खाली पोचेपर्यंत त्याने मागणं बंद केलं होतं. नियम बरोबर होता, डॉक्टरही तेच म्हणाले. तरी आजही ताटावर बसलो की आधी तांब्या जवळ ओढतो.

पुतण्या मागोमाग विहिरीवर आला. मी त्याला हे सगळं सांगितलं, पाण्यासकट. सोळा वर्षांचा आहे, पण ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?" मी नाव सांगितलं. घरात कुणापुढे ते नाव मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

मोठा पुतण्या पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. त्याने दुसऱ्या दिवशी बरंच काही सांगितलं, ते तुलाही कळावं. इराकमधल्या फलुजाच्या २००४च्या लढाईवर अमेरिकेत एक खेळ निघणार होता, 'सिक्स डेज इन फलुजा'. त्या लढाईत जखमी झालेल्या एका मरीननेच तो सुचवला होता. तरी तिथे मुलगे गमावलेल्या घरांनी विरोध केला, २००९ साली प्रकाशक कंपनीने हात काढून घेतला, आणि शेवटी २०२३ला तो आला. म्हणजे एकाच लढाईतून आलेल्यांत एकाला वाटतं, आमचं दुःख लोकांना कळू दे, आणि दुसऱ्याला वाटतं, आमच्या पोराच्या मरणाचा खेळ करू नका. मला दोघांचंही पटतं. २०१०च्या 'मेडल ऑफ ऑनर'मध्ये तालिबानच्या बाजूने खेळता येणार होतं. त्यावर इतका गदारोळ झाला की नाव बदलून नुसतं 'समोरचं दल' असं केलं. गोळ्या त्याच राहिल्या. आपल्याकडे २०२१च्या प्रजासत्ताकदिनी गलवानवर 'फौजी' हा खेळ आला. आपले वीस जण जाऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. कमाईतला वाटा शहिदांच्या घरांसाठी देऊ असं त्यांनी जाहीर केलं होतं, ते चांगलंच. पण त्या वीस घरांत वर्षश्राद्धही व्हायचं होतं रे. एवढी घाई मला सोसवत नाही.

एक गोष्ट मात्र ऐकून मी थक्क झालो. अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणासाठी केलेल्या कामातून २००४ साली एक युद्धाचा खेळ आला. पुढे त्यातलीच चित्रं घेऊन तिथल्या एका विद्यापीठाने इराकहून परतलेल्या, रात्री झोप न लागणाऱ्या जवानांसाठी उपचार तयार केला. डोळ्यांवर ती चित्रं दाखवणारा चष्मा चढवायचा, डिझेलचा, जळक्या रबराचा वास सोडायचा, आणि शेजारी डॉक्टर बसून त्या जवानाला त्याच रस्त्यावरून पुन्हा हळूहळू नेतो. बोलत बोलत नेतो. मला त्यातलं शेजारी बसणं महत्त्वाचं वाटलं. विहिरीवर माझं तेच झालं होतं.

इथे सकाळी मी सहा पोरांना भरतीसाठी पळवतो, सोळाशे मीटर, ओल्या वाळूवर. त्यांतल्या एकाने विचारलं, "काका, इन्सासचं डॅमेज किती?" आधी मला प्रश्नच कळला नाही. मग कळलं, खेळात प्रत्येक बंदुकीची गोळी किती इजा करते, त्याचा आकडा असतो. मला राग आला नाही, वाईट वाटलं. त्याला म्हटलं, भरलेली बंदूक चार किलोंच्या वर जाते, ती घेऊन रात्रभर उभा राहा, मग सांगतो. पण हे उत्तर अर्धवट होतं. खरं उत्तर द्यायचं तर मला खेडवाल्याबद्दल सांगावं लागेल. आता सांगेन. भरतीला जाण्याआधी त्यांना ते कळलं पाहिजे.

तर तुझं काय? मी तुला खेळू नको म्हणणार नाही. त्या तिघांचे आवाज तुला हवे आहेत आणि त्यांना तुझा, ते तोडायला सांगणारा मी कोण? वहिनींनाही हे असंच सांग, बंदुकीसाठी नाही, त्या तिघांसाठी बसतो म्हणून. मात्र कुणी पडला आणि तू ते बटण दाबताना तुझ्या हाताला काही झालं, तर खेळ तिथेच थांबव आणि मला फोन कर. रात्री दोन वाजले तरी कर. मी जागाच असतो.

आणि खेडवाल्याला आवडलं असतं का, हे त्याच्या आईला विचारू. भात कापून झालं की मी मोकळा आहे. तू कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतर, मी कणकवलीहून गाडी पकडतो, तिथून दोघे मिळून खेडला जाऊ. म्हातारी एकटीच असते. गेल्या वेळी गेलो तेव्हा मागच्या पडवीत गळत होतं, कौलं शाकारून देऊ. त्या उतरणीवर तो पाणी मागत होता, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. तू बरोबर असलास तर सांगेन.

येताना फोन आणि हेडफोन घेऊन ये. ती पावलं मला आणखी एकदा ऐकायची आहेत, तू शेजारी बसलेला असताना.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
देवगडवाला