मणका दबला, दुखणे थांबले, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साठी ओलांडलेल्या बाईच्या पाठीला बाक आला की 'वय झालं' म्हणून आपण मोकळे होतो. त्या बाकामागे अनेकदा मोडलेला मणका असतो. हाडे ठिसूळ झाली असली की त्यासाठी पडावेही लागत नाही. पाण्याने भरलेली कळशी उचलली किंवा बसच्या मागच्या सीटवर गतिरोधकाचा दणका बसला, एवढेही पुरते.

माझ्या सासूबाईंचा मणका असाच दबला. एक्स-रेमध्ये 'एल १', म्हणजे कमरेचा पहिला मणका, दबलेला दिसला. वेदनाशामक गोळ्या, कंबरेचा पट्टा आणि विश्रांती दिली गेली. दुखणे थांबले आणि उपचारही थांबले. हाडे एवढी ठिसूळ का झाली, हे कुणी तपासलेच नाही. पुढे वरचा मणकाही दबला आणि ताठ चालणाऱ्या सासूबाई वाकल्या.

मणक्याचा पुढचा भाग दबतो, मागचा शाबूत राहतो. मणका पाचरीसारखा होतो. पाठ पुढे झुकते, भार पुढे सरकतो आणि शेजारच्या मणक्यांवरचा ताण वाढतो. रजोनिवृत्तीनंतर ज्या स्त्रियांचा मणका असा मोडतो, त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकीचा आणखी एक मणका वर्षभरात मोडतो. उपचारांची खरी वेळ पहिल्या फ्रॅक्चरनंतरची आहे, ती अशी हातची जाऊ देणे मला अक्षम्य वाटते. कारण प्रश्न दिसण्याचा नाही. बरगड्या कमरेच्या हाडाला टेकू लागतात, पोट दाबले जाते, दोन घासांत जेवण संपते. जिना चढताना धाप लागते, तोल जातो. दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या पुरुषांनाही हा धोका आहे.

अशा बहुसंख्य फ्रॅक्चरचे निदानच होत नाही. 'मणक्यात गॅप आहे' म्हणून मलम चोळले जाते. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर उंची घटली असेल, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढून घ्यावा. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी आणि रक्तातील ड जीवनसत्त्व पाहावे. ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा क्षयरोग नाही ना, याची खात्री करावी. त्यानेही असाच बाक येतो. ठिसूळ हाडांवर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रॉनिक ॲसिड आहे. मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टर ते ठरवू शकतात.

स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९९९ पासून पन्नाशीपुढच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांना शोधून त्यांच्या हाडांची तपासणी करण्याची व्यवस्था सुरू झाली. आपल्या जिल्हा रुग्णालयांत निदान एवढे तरी व्हावे: ओपीडीत वजनाबरोबर उंचीची नोंद, आणि मणका दबलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर हाडांच्या उपचारांची स्पष्ट सूचना. आरोग्य विभागाने याचा विचार करावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली