समृद्धीवर रेंज किती, ते छापा

मा. संपादक,

आपल्या वाहन पानावर भारी इलेक्ट्रिक गाड्यांची तुलना येते. शंभरचा वेग कोणती किती सेकंदांत गाठते, हे चवीने वाचतो. पण जालन्याहून नागपूरला निघालेल्या माणसाला त्या सेकंदांचं काय करायचं?

कागदावरची रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किमी जाते ते, बघा. किया ईव्ही६ भारतात आली तेव्हा ७०८ किमी सांगितली गेली. महिंद्रा एक्सईव्ही ९ई ची ६५६. आपल्या देशी चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही. समृद्धीवर मर्यादा १२० ची, आणि तिथं ८० ने कोण चालवतो? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० चे १२० केले की तो सव्वादोन पट. त्यात मे महिन्यातलं आमचं ऊन, एसी बंद ठेवायची सोयच नाही.

चाचणी बदलली की आकडाही बदलतो. पोर्शे टायकन टर्बो एस आली तेव्हा युरोपच्या चाचणीत ४१२ किमीपर्यंत जात होती, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) चाचणीत ३०९! गाडी तीच. (ती जालन्यात कोण घेणार, ते सोडा.)

म्हणून विनंती. दोन गाड्यांची तुलना करताना एकच रस्ता, एकच दिवस, एसी चालू आणि १०० व १२० चा स्थिर वेग ठेवून शंभर किमीला किती युनिट वीज लागली, तेवढं छापा. बॅटरीच्या युनिटांवरून रेंज काढायचा भागाकार आम्ही करू.

– एक व्यापारी वाचक, जालना