८ टीबी हार्ड डिस्कचा मंदावणारा वेग आणि खोक्यावर न छापलेली माहिती

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,
(हार्ड डिस्क उत्पादक कंपनी)

विषय : ८ टीबी डेस्कटॉप हार्ड डिस्कवर क्लोनिंग (जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) करताना वेग कोसळणे व रेकॉर्डिंग पद्धतीची माहिती लपवणे याबाबत.

महोदय / महोदया,

सांगलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, शाळांची गॅदरिंग अशी कामं. गेल्या सात वर्षांचे फोटो ४ टीबीच्या एका जुन्या डिस्कवर आहेत, त्यातली ३.४ टीबी जागा भरलेली. लग्नसराई सुरू होण्याआधी सगळं मोठ्या डिस्कवर हलवावं म्हणून आपली ८ टीबीची डिस्क साडेसोळा हजार रुपयांना घेतली. बिलाची प्रत सोबत आहे.

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढे तुमच्याकडून तेच उत्तर यायला नको. पहिल्या दिवशी मी डॉक (डिस्क खोचून यूएसबीने जोडायचा स्टँड) पीसीच्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला. तो यूएसबी २.० निघाला. वेग सेकंदाला ३६ एमबीच्या पुढे जाईना, म्हणजे सव्वीस तासांची निश्चिंती. मागच्या निळ्या, जलद यूएसबी ३.० पोर्टला लावल्यावर वेग १६० वर गेला. डिस्कच्या तबकडीच्या आतल्या बाजूला वेग कमी होतो हे धरूनही सात-आठ तासांत काम उरकायला हवं होतं. तीन तासांनी लाइट गेली. यूपीएस वीस मिनिटं टिकला, लाइट दोन तासांनी आली. क्लोनिंग पहिल्यापासून. इथपर्यंत माझी तुमच्याबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्या फेरीची आहे. साडेसातशे जीबीपर्यंत सगळं सुरळीत चाललं, मग वेग १२ एमबीवर आला आणि तिथेच बसला. मधूनच शून्य. सॉफ्टवेअर म्हणालं, शिल्लक वेळ ६१ तास. वराकडची मंडळी अल्बमसाठी दारात आणि मी त्या हिरव्या पट्टीकडे बघत बसलेलो.

तुमच्या हेल्पलाइनला पाच वेळा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. पीसी बंद करून चालू करा, केबल बदला, अँटिव्हायरस बंद ठेवा, विंडोज अपडेट करा. सगळं केलं. एकाने तर विंडोज नव्याने टाकायला सांगितलं, तेही केलं. त्यात एडिटिंगची सगळी सेटिंग गेली आणि वेग तोच राहिला. शेवटी उत्तर मिळालं की तुमची जुनी डिस्क खराब असेल.

तेही तपासलं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या डिस्कचे रिअॅलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग सेक्टर शून्य (म्हणजे खराब किंवा संशयास्पद जागा एकही नाही), केबलच्या बिघाडाने वाढणारा सीआरसी एररचा आकडाही शून्य. खराब सेक्टर असता तर डिस्क तोच तुकडा पुन्हापुन्हा वाचत अडकते, हे मला माहीत आहे. मग डॉकही बाजूला ठेवला आणि दोन्ही डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडल्या. वेग पुन्हा तसाच कोसळला. म्हणजे पोर्ट नाही, केबल नाही, डॉक नाही, जुनी डिस्कही नाही. उरली तुमची.

खरा धागा मला योगायोगाने सापडला. वैतागून क्लोनिंग पॉज केलं आणि जेवायला गेलो. तासाभराने आलो तर काहीही कॉपी होत नसताना तुमची डिस्क आत कुरकुर करत होती. पॉज काढला, वेग पुन्हा १५० च्या वर! थोडा वेळ टिकला आणि पुन्हा १२. हे मी तीनदा करून पाहिलं, स्क्रीनशॉट जोडले आहेत. केबल किंवा पोर्ट खराब असेल तर तासभर विश्रांती घेऊन ते बरे होत नाहीत.

ही एसएमआर (शिंगल्ड मॅग्नेटिक रेकॉर्डिंग) पद्धतीची डिस्क आहे. आमच्याकडे मंगलोरी कौलं असतात, एकावर एक चढवलेली. त्यातलं खालचं एक कौल बदलायचं तर वरची ओळ आधी उचलावी लागते. या डिस्कमध्ये माहितीचे ट्रॅक असेच एकमेकांवर चढवलेले असतात. कमी तबकड्यांत जास्त जागा बसते, तुमचा खर्च वाचतो, त्याला माझी हरकत नाही. पण मधला एक ट्रॅक पुन्हा लिहायचा तर त्याच्या पुढचे ट्रॅक वाचून पुन्हा लिहावे लागतात. तो व्याप लपवायला डिस्क आलेली माहिती आधी एका वेगळ्या राखीव पट्ट्यात घेते आणि सवड मिळेल तशी कौलांखाली सरकवते. पट्टा भरला की आपण बसतो वाट बघत. माझी पहिली फेरी कोऱ्या डिस्कवर होती. दुसरी आधीच लिहिलेल्या जागेवर, आणि माझं सॉफ्टवेअर रिकाम्या जागा वगळत फक्त भरलेले तुकडे उतरवतं, म्हणजे डिस्कला मधलीच कौलं उचलायला लावणारं काम. दुसऱ्या फेरीत तिने मान टाकली ती यामुळेच.

आता मुद्दा. ही गोष्ट खोक्यावर नाही, तुमच्या माहितीपत्रकात नाही. तिथे ‘१९० एमबी प्रति सेकंदपर्यंत’ असं छापलंय. हा ‘पर्यंत’ मला गणपती पेठेतल्या सेलच्या पाट्यांवरून चांगला ठाऊक आहे. २०२० साली नेमका याच लपवाछपवीवरून जगभर गदारोळ झाला होता आणि मोठ्या कंपन्यांना कोणत्या मॉडेलमध्ये एसएमआर आहे आणि कोणत्यात ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी जुनी सीएमआर पद्धत, याच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या. त्यानंतरही पाचपैकी एकाही फोनवर मला ‘सर, ही एसएमआर आहे, मोठी कॉपी करताना मंद होईल’ एवढं एक वाक्य ऐकू आलं नाही. तेवढं सांगितलं असतंत तर विंडोज पुसायची वेळ आली नसती.

तुमच्या शेवटच्या ईमेलमध्ये ‘आमच्या चाचणीत डिस्क पास आहे, वेग हा दोष नाही’ असं आहे. डिस्क बिघडलेली आहे असं मी म्हणतच नाही. ती तिच्या स्वभावाप्रमाणेच चालतेय. तो स्वभाव विकताना सांगितला नाही, हा दोष आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूचा दर्जा व मानक जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिलेला आहे.

या मॉडेलची रेकॉर्डिंग पद्धत मला लेखी कळवा. ही डिस्क परत घेऊन तेवढ्याच क्षमतेची सीएमआर डिस्क द्या, फरकाची रक्कम वाजवी असेल तर मी भरीन. नाहीतर पूर्ण पैसे परत करा. विंडोज नव्याने टाकण्यात गेलेल्या दोन दिवसांची भरपाई मागत नाही, पण तो सल्ला तुमच्या लोकांच्या कागदावरून खोडून टाका. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही, याची चौकशी करून ठेवली आहे.

डिस्क मूळ खोक्यात, पावतीसह तयार आहे. कुरियरवाल्याला दुपारी एक ते चार सोडून कधीही पाठवा. त्या वेळेत दुकान बंद असतं.

आपला,
एक ग्राहक, सांगली

सोबत : बिलाची प्रत, वेगाचे स्क्रीनशॉट, जुन्या डिस्कचा तपासणी अहवाल, आपल्या ईमेलची प्रत.