रात्रीपुरती जागा, एक नळ आणि उघडा संडास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला कॅरॅव्हॅन पर्यटनावरचा, म्हणजे गाडीतच राहून फिरण्यावरचा, लेख वाचला. आत सोफा, फ्रिज, एसी, शॉवर, वर काचेचं छप्पर. फोटो आमच्या सासूबाईंना दाखवले. वय वर्षे चौऱ्याऐंशी. चष्मा पुसून त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात ऱ्हायाचं का नटून बसायचं?"

सासूबाईंना हे विचारण्याचा अधिकार आहे, कारण त्या गेल्या दिवाळीत गाडीतच राहून आल्या आहेत. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, आमचे हे एसटीतून निवृत्त झालेले यांत्रिक. आमची कॅरॅव्हॅन म्हणजे १९९७ सालची मेटॅडोर. आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात तयार झालेली. २००५ मध्ये त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं आणि मेटॅडोर आता रस्त्यावर औषधालाच दिसते. एके काळी कराडात कुठल्याही डबड्यासारख्या गाडीला मेटॅडोरच म्हणत. वऱ्हाड मेटॅडोरनं, कांदा मेटॅडोरनं, आणि कित्येकांचा शेवटचा प्रवाससुद्धा मेटॅडोरनंच.

आमची मात्र पहिल्यापासून खासगी पासिंगची, एमएच ११. ह्यांनी ती ओळखीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा मी चार दिवस बोलत नव्हते. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. २०२२ च्या एप्रिलपासून नूतनीकरणाचे सहाशेचे पाच हजार झाले आणि आमची मुदत नेमकी मेमध्ये संपत होती. तेही भरले. कागद सगळे चोख आहेत हे आधीच सांगून ठेवते, कारण "असल्या गाड्या भंगारात घाला" असं पत्र पुढच्या आठवड्यात येणारच.

आणि गाडीत आम्ही फोडतोड काहीही केलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत परस्पर बदल करता येत नाही, हे आमच्या घरात मनाच्या श्लोकांसारखं पाठ आहे. सीटांच्या मधल्या जागेत रात्री चार लोखंडी स्टुलं ठेवायची, त्यावर प्लायच्या तीन फळ्या, त्यावर गाद्या. चौघं आत, तिघं बाहेर टपाला बांधलेल्या ताडपत्रीखाली मच्छरदाणीत. सकाळी फळ्या पुन्हा टपावर. स्वयंपाकाला पाच किलोचा छोटा सिलिंडर, पण तो गाडीत कधी पेटवायचा नाही, खाली उतरवूनच. सोबत पाण्याचे दोन जार, भडंगाचा डबा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. झालं.

भाऊबीज आटोपली आणि आम्ही निघालो. हे, मी, सासूबाई, मुलगा-सून, नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू. पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण आणि संध्याकाळी समुद्र. मेटॅडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे झाकणाखाली असतं. नात सबंध घाटभर त्या झाकणाला पाय टेकवून बसली होती. थंडीत शेकोटी आणि उन्हाळ्यात शिक्षा, अशी ती जागा आहे.

पहिल्या रात्रीचं सविस्तर सांगते, कारण पत्र त्यासाठीच लिहिते आहे. गावाचं नाव देत नाही. सुरूच्या बनापाशी गाडी लावली, तर काठीवाले गृहस्थ आले. "रात्री गाडी ठेवायची नाही." का, तर मागच्या महिन्यात पुढच्या वळणावर कोणी बाटल्या फोडल्या, कोणी गाडी वाळूत घालून भरतीला अडकवली, मग सगळं गाव दोर घेऊन ओढायला. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. त्यांच्या जागी मी असते तर मीसुद्धा काठी घेऊन आले असते. पुढे एका रिसॉर्टच्या फाटकाशी विचारलं. गाडी आवारात लावतो, झोपायला खोली नको, फक्त बाथरूम वापरू द्या, काय होतील ते पैसे घ्या. "खोल्या घ्या, मग गाडी लावा." सात माणसं म्हणजे दोन खोल्या. ह्यांनी गाडी वळवली.

शेवटी एका पेट्रोल पंपावरच्या पोरानं कडेला जागा दिली. भला पोरगा. संडास? "आहे ना काकू, मागे." मागे होताच. कुलूपही होतं. किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर रात्री दहाला घरी. मी नि सून, दोघी रात्रभर पाणी न पिता पडून राहिलो. सासूबाईंना ते शक्य नव्हतं. गाडीत मागच्या बाजूला दोन दांड्यांना माझी जुनी साडी बांधली, आत बादली ठेवली. रात्रीतून तीनदा. तिसऱ्या वेळी त्या अंधारात म्हणाल्या, "तुला लई तरास देती गं मी." ते ऐकल्यावर मला झोप आली नाही. पाच वाजता पंपाचं पोरगं सायकल हाणत जाऊन मॅनेजरच्या घरून किल्ली घेऊन आलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

त्या सकाळी सूनबाई म्हणाली, "आई, परत जाऊया का?" गेलोही असतो.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर केलं, हेदवीला दशभुजा गणपती केला. बामणघळीशी लाट कपारीत शिरून उंच उडते, ती पाहून नातू हसला आणि लगेच रडला. तिथून पुढे एका आडगावात अंधार पडला. देवळासमोरच्या पारापाशी एसटी उभी, दिवे बंद, फलकावर दुसऱ्या दिवशीच्या फेरीचं नाव. हे गाडीतून उतरले आणि एसटीच्या बंद काचेवर टिचकी मारली. आतून आवाज आला, "कोण?" हे म्हणाले, "यांत्रिक."

मुक्कामी गाडी कशी असते हे शहरातल्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. शेवटची फेरी रात्री खेड्यात पोचते, पहाटे तीच पहिली फेरी म्हणून सुटते. मधल्या वेळात ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात, बहुतेकदा गाडीतच. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. आमच्या ह्यांची सबंध नोकरी ह्या मुक्कामी गाड्या रात्री बंद पडल्या की रात्रीतच तिथे जाऊन उठवण्यात गेली. म्हणजे गाडीत राहण्याचा शोध आम्ही पुरवणी वाचून लावलेला नाही. महाराष्ट्राची लालपरी पिढ्यान् पिढ्या घराचं काम करतेय. तिला कॅरॅव्हॅन कोणी म्हटलं नाही इतकंच.

कंडक्टर तिशीतला असेल. त्यानं दहा मिनिटांत सगळं दाखवलं. पाणी शाळेच्या नळाला. संडास ग्रामपंचायतीच्या मागे, कडी बाहेरून, दिवा आत डाव्या हाताला. कुत्रं भुंकतं पण चावत नाही. आणि समोरच्या घरातल्या आजींना सांगून ठेवा, त्या जाग्या असतात. ह्या आजी एसटीवाल्यांना पहाटे अंघोळीचं गरम पाणी देतात. त्यांच्या सासूबाई द्यायच्या, म्हणून त्या देतात. आम्ही सातजण पाहून त्यांनी चुलीवर दुसरा हंडा चढवला. आमच्या सासूबाई आणि त्या ओट्यावर अकरापर्यंत बोलत होत्या. एकीची भाषा घाटावरची, एकीची कोकणातली. मधेच "आं?" "काय म्हनालीस?" चालू होतं, पण गुडघे दोघींचेही दुखत असल्याने विषय अडला नाही.

पहाटे पावणेसहाला ड्रायव्हरनं आमच्या गाडीकडे बघत बारीकसा हॉर्न दिला आणि एसटी गेली. मागे लाल दिवे दिसेनासे होईपर्यंत हे हात वर करून उभे होते. मी गंमत केली नाही.

आजींनी घावणे दिले, पैसे घेतले नाहीत. मी त्यांच्या नातवाच्या हातात दिले. ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं की काही पावती फाडायची का. शिपाई म्हणाला, "कशाची फाडू?" हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. कारण पावती फाडायला त्याच्याकडे काही शीर्षकच नव्हतं. मी दोनशे रुपये आनंदानं दिले असते. रोज रात्री एक गाडी आली तरी त्या संडासाचा दिवा, फिनेल आणि झाडणाऱ्या बाईंचं मानधन सुटलं असतं.

राज्यानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्क आहेत, म्हणजे गाड्या लावायला जागा, पाणी, वीज, रस्ता. विचार चांगलाच आहे, माझं भांडण नाही. पण पार्क म्हटलं की आपल्याकडे आधी कमान उभी राहते, मग कारंजं, मग उद्‌घाटन, आणि संडासाची किल्ली मॅनेजरकडे. आम्हाला कमान नको. जिथे मुक्कामी एसटी थांबते तिथेच, तिच्या शेजारी, दोन-तीन गाड्यांची जागा आखून द्या. ग्रामपंचायतीचा संडास रात्री उघडा आणि उजेडात ठेवा. वहीत गाडीचा नंबर नि माणसं लिहून घ्या. पाचशे रुपये अनामत घ्या, सकाळी कचऱ्याची पिशवी दाखवली तर परत द्या, नाहीतर ठेवून घ्या. दहानंतर गाणी लावणाऱ्याला त्याच रात्री हाकला, आम्ही काठी धरायला येऊ. ज्या गावांना नको असेल त्यांनी नाही म्हणावं. पण "नाही" काठीनं सांगण्यापेक्षा पाटीवर लिहिलेलं बरं, म्हणजे माणूस अंधार पडायच्या आत पुढे जातो.

पुढचा प्रवास थोडक्यात. तवसाळहून जयगडला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी घातली. पलीकडे पोचलो तर पूर्ण ओहोटी, उताराचं काँक्रीट शेवाळलेलं. मेटॅडोरची पुढची चाकं ओढतात आणि आमचं सगळं वजन मागे, गाद्या आणि जार. चाकं जागच्या जागी गरगरली. मागे दोन मोटारी, दहा मोटारसायकली, सगळ्यांचे हॉर्न. ह्यांनी शांतपणे सांगितलं, "आई, पुढं या. सगळेच पुढं या." सात माणसं ड्रायव्हरच्या आसपास नि इंजिनच्या झाकणावर अशी रचली की नातवाचं कोपर माझ्या कानात होतं. गाडी चढली. वर आल्यावर सासूबाई म्हणाल्या की लग्नात बैलगाडीतून आले तेव्हा ह्याहून जागा होती.

मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं. शिक्षिकेला ते चुकवता येत नाही. तिसऱ्या रात्री मुकाट्यानं खोल्या घेतल्या, पंपाची पुनरावृत्ती माझ्यात नव्हती. चौथ्या दिवशी साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडी धापा टाकत बंद पडली. डिझेलला एअर धरली होती, म्हणजे पाइपात हवा शिरली होती. पाइपाच्या जोडाला वायसर गेलेला. ह्यांनी खिशातून दुसरा काढला (ह्यांच्या खिशात रुमाल नसतो, वायसर असतो) आणि नातीला हातपंप मारायला बसवलं. हे फिल्टरवरचा स्क्रू सैल करून वाकून बघत होते. ती विचारी, "आजोबा, आलं का?" "फेस येतोय. मार." "आता?" "अजून फेस." मग फेस थांबून नुसतं डिझेल आलं, स्क्रू आवळला, दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. वीस मिनिटं. अठ्ठावीस वर्षांच्या गाडीनं आमच्यावर आणलेलं संकट एवढंच.

मे महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत, ह्या खेपेला दापोलीच्या बाजूला. सासूबाईंनी गुडघ्याचं तेल आत्ताच बाटलीत भरून ठेवलंय. किनाऱ्यावरची एखादी ग्रामपंचायत वर लिहिलेल्या अटींवर दोन रात्री जागा देणार असेल तर त्यांनी आपल्या वृत्तपत्राकडे कळवावं, आपण माझा पत्ता त्यांना द्यावा ही विनंती. माणसं सात, गाडी निळी. अनामत आगाऊ पाठवते. टेप २०१६ पासून बंद आहे आणि दुरुस्त करायचा नाही असं मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड
(नाव छापू नये. हे म्हणतात छापा, पण ऐकू नये.)