गेटवरच्या मामांना, बेचाळीस चिंचोक्यांबद्दल

मामा,

सा. न. वि. वि.

तुमचा फोन लागत नाही. फेब्रुवारीत सोसायटीने सिक्युरिटीची एजन्सी बदलली, आणि मला ते कळलं पहाटे सव्वापाचला, गेटवरच्या अनोळखी पोराने "मॅडम, एवढ्या सकाळी कुठं?" असं विचारलं तेव्हा. तुम्ही गावी कोरेगावकडे गेलात, एवढाच पत्ता लागला. तिकडच्या कुणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल, म्हणून पत्र असं चारचौघांत लिहितेय. शर्यतीनंतर पेढे दिले होते, पण सेक्रेटरी शेजारी उभे होते आणि मला लोकांसमोर बोलायला जमत नाही. आभार राहूनच गेले.

तुम्हाला वाटलं असेल, बाईंना समाजसेवेची तळमळ आहे. खरं सांगू? मुंबई मॅरेथॉनच्या 10 किलोमीटरच्या साध्या जागा भरून गेल्या होत्या. ऑफिसातली एकजण म्हणाली, संस्थेमार्फत पैसे उभे करून पळणाऱ्यांना अजून घेतायत. मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम बघणाऱ्या युनायटेड वे मुंबईकडे नोंदलेल्या संस्थांची यादी चाळताना रात्रशाळेतल्या मुलांसाठी काम करणारी एक सापडली. दिवसभर दुकानात, कॅन्टीनमध्ये राबून मुलं संध्याकाळी थेट वर्गात येतात, उपाशीपोटी. त्यांच्या खाण्याची आणि वह्या-पुस्तकांची सोय ही संस्था करते. तेव्हा मला बी गेटवरचा तुमचा तो पोऱ्या आठवला, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारा. त्याच्या गेटकडेही तुम्हीच लक्ष ठेवायचात, तो केबिनमध्ये भूमितीची प्रमेयं पाठ करत असताना. म्हटलं, हीच संस्था.

वय चव्वेचाळीस, डोंबिवली स्टेशनचा पूल चढला की धाप. गणपतीनंतर पहिल्यांदा बूट घालून खाली आले तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. हातातला चहा संपवलात आणि म्हणालात, "नव्याचे नऊ दिवस असत्यात ताई. दहाव्या दिवशी दिसलात तर मी मानीन." राग आला होता. त्या रागावरच मी नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी खाली आले तर तुम्ही उभे होतात, आणि हातात ती पत्र्याची डबी. तिच्यातून मशेरीचा वास यायचा, पण आत चिंचोके होते.

तुम्ही कंपाउंड आधीच पावलांनी मोजून ठेवलं होतंत. तीनशे पंधरा पावलं, पलटणीतलं तीस इंची पाऊल, म्हणजे एक फेरी 240 मीटरची. बेचाळीस फेऱ्या झाल्या की 10 किलोमीटर, वर थोडं झुकतं माप. लोक बेचाळीस किलोमीटर पळतात, आपल्या बेचाळीस फेऱ्या, असं मी म्हणाले तर तुम्ही हसलासुद्धा नाहीत. एकेक फेरी झाली की एकेक चिंचोका डबीतून काढून टेबलावर. रजिस्टरात गाड्यांचे नंबर लिहिता लिहिता.

पहिला महिनाभर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. आणि गेटपाशी आलं की तुमचा प्रश्न: "आज डब्याला काय?" मी "मेथी... भाकरी" असं तोडून बोलले की तुम्ही हाताने खूण करायचात, चाला. "आज मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केलीय" हे एका दमात निघालं की पळायला परवानगी. पुढे कळलं की पळण्याचा वेग झेपतोय का हे ओळखायची हीच रीत मोठमोठे प्रशिक्षकही सांगतात. त्यांना डब्यातली भाजी मात्र कळत नसेल. तुम्हाला माझ्या घरचा आठवड्याचा बेत पाठ होता.

नोव्हेंबरात उजवी नडगी दुखायला लागली. मला वाटलं, संपलं. तुम्ही विचारलंत, रोज एकाच बाजूने वळता का? वळत होते. घड्याळाच्या काट्यासारखी गोल गोल, तीही पेव्हर ब्लॉकवरून. तीन दिवस पूर्ण विश्रांती, मग दर पाच फेऱ्यांनी दिशा बदलायची आणि जमेल तिथे मागच्या मातीच्या कडेने पळायचं. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, हेही तुमचंच. दुकानदार मला एक नंबर लहान बूट किती छान दिसतायत ते सांगत होता.

पैसे मागणं पळण्यापेक्षा अवघड गेलं. दोनशे जणांना मेसेज केला. निम्म्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे ती मोबाईलवरची खूण. एका मावसभावाने विचारलं, "पळणार तू, तर पैसे आम्ही का द्यायचे?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी त्याला सांगितलं, माझ्या पळण्याचे पैसे मी भरलेत, तुझे शाळेला जातील. मग त्याने विचारलं, 80जीची, म्हणजे देणगीवर करात सवलत मिळवून देणारी पावती मिळेल का. नवी करप्रणाली घेतलेल्याला त्या पावतीचा काही उपयोग नसतो, हे तो सीए असूनही विसरला होता. दिले त्याने, 500.

पण पहिले पैसे तुमचे, मामा. 101 रुपये, एक रुपयाचं नाणं वेगळं. रोख भरायची सोय नव्हती, म्हणून ते मी माझ्या खात्यातून भरले आणि तुमचं नाव टाकत होते. तुम्ही म्हणालात, "नाव नको. साहेब इचारतील, पगार पुरत नाही म्हणतो आन दान करतो." शेवटी 57 जणांचे मिळून 38,650 रुपये झाले. त्यातलं एक नाव 'एक हितचिंतक' आहे.

डिसेंबरातली ती सकाळ तुम्ही विसरला असाल, मी नाही. पहिल्यांदाच पूर्ण अंतर. मी थांबले, म्हणाले, झाल्या बेचाळीस. तुम्ही टेबलाकडे पाहिलंत. "एक्केचाळीस." मी म्हटलं, अहो मामा, एका फेरीने काय होतंय? तुम्ही काहीच बोलला नाहीत. डबी उघडून पुढे धरलीत, आत एक चिंचोका होता. ती फेरी मी पळाले नाही, रडत चालले. तुम्ही ती मोजलीत.

जानेवारीतल्या त्या रविवारी मॅरेथॉनसाठी सोडलेली पहाटेची खास लोकल होती. पावणेतीनला तुम्ही गेट उघडलंत आणि दहा चिंचोके दिलेत, किलोमीटर मागे पडेल तसा एकेक उजव्या खिशातून डाव्यात टाकायला. शिवाय ताकीद: नवा टी-शर्ट घालू नका, काखेत व्हॅसलिन लावा, आणि सुरुवातीला सगळ्यांना पुढे जाऊ द्या. लेडीज डब्यात सगळ्या बायका एकमेकींच्या छातीवर बिब, म्हणजे शर्यतीतल्या नंबराचा कागद, लावत होत्या, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या दोघीतिघी हे सगळं बघत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "कुठली परीक्षा गं?"

सीएसएमटीच्या दिव्यांखाली निघालो तेव्हा अंधारच होता. तुमचं ऐकलं, मागे राहिले. मरीन ड्राइव्हवर समुद्राचा वारा लागला, कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी संत्र्याच्या फोडी हातावर ठेवल्या. नऊचा बोर्ड आला. खिशात हात घातला तर शेवटचाच चिंचोका. म्हणजे पाण्याच्या टेबलापाशी रुमाल काढताना एक पडला होता. बोर्ड म्हणतोय अजून एक, खिसा म्हणतोय संपलं. पायही खिशाच्याच बाजूने होते. मी चालायला लागले. मग कोण जाणे काय सुचलं, मोठ्याने म्हणाले, "आज मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी केलीय." एका दमात निघालं. शेजारून पळणारी मुलगी दचकून म्हणाली, "काय?" मी पळत सुटले.

एक तास एकतीस मिनिटं. तुम्ही वेळ विचारलीच नव्हतीत, पूर्ण झालं का एवढंच विचारलंत.

नव्या वॉचमनला टेबलाच्या खणात तुमची डबी सापडली. तो टाकणार होता, मी घरी आणली. आत बत्तीस होते, त्यात माझ्याकडचे नऊ टाकले. दोनदा मोजले, मामा. एक्केचाळीस भरतात.

तुमची,
बी विंग, तिसरा मजला