शाळेच्या रजिस्टरातील शेरेही जपावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आजीचे गेल्या महिन्यात वयाच्या ८३व्या वर्षी निधन झाले. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तिने १९६३ पासून २००० पर्यंत, म्हणजे ३७ वर्षे, प्राथमिक शिक्षिका म्हणून नोकरी केली. निधनवार्तेत ‘सेवानिवृत्त शिक्षिका’ आणि पश्चात कोण कोण, एवढे छापून आले. तिचे एक काम मात्र त्या चार ओळींत मावणारे नव्हते, आणि त्या कामाचा एकमेव पुरावा आज वाळवीच्या तोंडी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना जन्मतारीख विचारली, तर पुष्कळांचे उत्तर ‘१ जून’ असेच येते. बाळंतपण घरी किंवा उसाच्या फडात झालेले. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच मुळी १९६९ सालचा, आणि तो वाड्या-तांड्यांपर्यंत पोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. जूनमध्ये शाळा उघडली की मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत, हात पोचला की सहा वर्षांचा समजत, आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहीत. त्या गुरुजींना मी दोष देत नाही. एका खोलीत चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला याहून अधिक करायला सवड नव्हती. परंतु त्या एका तारखेवर पुढे माणसाची नोकरी, निवडणुकीतले नाव आणि पेन्शन ठरते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे राज्यभर दर वर्षी ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रीघ लागते.

आजी १ जून लिहीत नसे. मुलाला घेऊन वडील आले, तर ती त्यांना परत पाठवून आईला बोलावून घेई, कारण तिच्या मते जन्माचा दिवस आईच्या ध्यानात असतोच, फक्त तो इंग्रजी महिन्यात नसतो. मग ती आईला ओसरीवर बसवून विचारत राही. पेरणी झाली होती का? पोळा झाला होता का? बाजारचा दिवस होता का? घरात जुनी पंचांगे तिने गाठोडे बांधून ठेवली होती, आणि १९७३ पासूनची कालनिर्णयेही एकेक करून त्यांत जमा होत गेली. ऊसतोडीला गेलेल्या बायका सांगत, ‘कारखान्याचा पट्टा पडायला आठ दिवस ऱ्हायले व्हते’. पट्टा पडणे म्हणजे गाळपाचा हंगाम संपणे. तेव्हा ती गावातल्या मुकादमाकडे जाऊन, उचलीची, म्हणजे मजुरांना दिलेल्या आगाऊ रकमेची, जुनी वही काढायला लावून, त्या साली पट्टा कधी पडला ते पाहून येई.

तिने आम्हाला अनेकदा सांगितलेली एक नोंद अशी. एका आईने सांगितले होते, ‘दुष्काळाच्या आदुगर धोंडं व्हतं, एकादस व्हती, घरधनी पंढरीला गेलते.’ १९७२ साली वैशाख अधिक होता, म्हणजे महिना ठरला. परंतु धोंड्यातही एकादशा दोन, एक शुद्ध आणि एक वद्य. आजीने विचारले, ‘जेवणं झाली तेव्हा अंगणात चांदणं होतं का अंधार?’ बाई म्हणाली, ‘चांदणं व्हतं, मी चांदण्यातच भांडी घासली, मग कळा सुरू झाल्या.’ वद्य एकादशीला चंद्र उगवायलाच उत्तररात्र होते, तेव्हा ती शुद्ध एकादशी ठरली. तारीख रजिस्टरात अंकी व अक्षरी लिहिली गेली, आणि शेऱ्याच्या रकान्यात आजीने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले: ‘आईच्या सांगण्यावरून. धोंडा, एकादशी, चांदणे.’

हा एवढा खटाटोप ती का करी, हे मला बरेच उशिरा कळले. तिची स्वतःची जन्मतारीख १ जून १९४२ होती. निजामाचे राज्य संपल्यानंतर तिच्या गावात शाळा सुरू झाली, तेव्हा तिची आई हयात नव्हती आणि वडिलांना काही आठवत नव्हते. ती ३१ मे २००० रोजी निवृत्त झाली. आम्ही नातवंडांनी १ जूनला तिच्यासाठी काही आणले, तर ती शांतपणे बाजूला ठेवी आणि म्हणे, ‘हा दिवस शाळेचा आहे, माझा नाही.’

आमचे दिवस मात्र तिने एखाद्या सावकाराच्या काटेकोरपणे सांभाळले. आई-वडील दोघेही नोकरीला असल्यामुळे मी वयाच्या नवव्या वर्षापर्यंत तिच्याजवळ वाढले; पावकी, निमकी, पाऊणकी तिच्याबरोबर ज्वारी निवडता निवडता पाठ झाल्या. माझ्या वाढदिवशी ती तारखेला एकदा आणि तिथीला एकदा, असे दोनदा ओवाळी, आणि दोन्ही वेळा त्या दिवसाची हकीकत पहिल्यापासून सांगे: पाऊस किती होता, दवाखान्यापर्यंत जीप कोणी आणली, मी पहिल्यांदा रडले तेव्हा बाहेर कोण बसले होते. त्यातला एकही तपशील तिने कधी बदलला नाही.

तेराव्याला तिचे एक जुने विद्यार्थी आले होते. त्यांचा जन्म जानेवारीतला, आणि नोंदही जानेवारीचीच. त्यांच्या आईला जाऊन वीस वर्षे झाली. आपण कसे जन्मलो हे तिच्या शब्दांत कुठे असेल तर त्या शेऱ्याच्या रकान्यातच, असे म्हणून त्यांनी मला शाळेत नेले. शाळेचे नाव येथे लिहीत नाही. रजिस्टर एका पत्र्याच्या पेटीत, खाली ओल आणि कडांना वाळवी, अशा अवस्थेत सापडले. त्यांचे पान शाबूत होते. त्याच्या अलीकडची सात पाने एकमेकांना चिकटली आहेत.

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर शाळांच्या जुन्या रजिस्टरांचे मोल सर्वांना कळले, आणि ठिकठिकाणी त्यांतील नोंदी संगणकावर घेतल्या गेल्या. परंतु तेव्हा लोक शोधतात ते नाव, जात आणि तारीख; शेऱ्याचा रकाना टंकलेखनात सहसा सुटतो. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याची चर्चा चालू असताना या पेट्या कुठे जातील, हाही प्रश्न आहे. म्हणून आपल्या दैनिकामार्फत शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की, १९९० पूर्वीच्या रजिस्टरांतील नोंदी केवळ उतरवून न घेता प्रत्येक पानाचे, समासासह, संपूर्ण छायाचित्र घ्यावे, आणि मूळ रजिस्टरे तालुक्याच्या ठिकाणी कोरड्या जागी ठेवावीत. आपल्या वाचकांपैकी जे शिक्षक आज अशा शाळांवर आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी ती पेटी एकदा उघडून पाहावी. शाईची अक्षरे अजून वाचता येतात. पेन्सिलीची फिकट होत चालली आहेत.

आपली,
एक वाचक, जि. बीड